कालवं : तिथी पाहून घ्यावी, वेळ पाहून शिजवावी

सांगली जिल्ह्यात 'कालवे' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ताकारी-म्हैसाळच्या पाण्याचे पाट उभे राहतात. पाणी कधी सुटणार आणि कुणाच्या शिवारात आधी पोचणार, हा त्याचा पुढचा प्रश्न. तोच शब्द रत्नागिरी-मालवणच्या माणसाजवळ उच्चारून पाहा. तो आधी ओठांवरून जीभ फिरवील आणि मग विचारील, "कुठं मिळाली?" तेव्हा घोटाळा नको म्हणून आम्ही या लेखात कोकणी माणसासारखे 'कालवं'च म्हणणार आहोत. एकवचनी कालव. खडकाला घट्ट चिकटून बसणाऱ्या खडबडीत शिंपल्यातला तो मऊ, राखी रंगाचा जीव.

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणारी पत्रे ठराविक असतात. चकली मऊ का पडली, अनारसा तेलात का हसला, पाकातल्या लाडवांचे दगड का झाले, याच तक्रारी. यंदा आमच्या विश्रामबागेतूनच आलेले एक पत्र मात्र निराळे निघाले. लिहिणाऱ्या भगिनीचे माहेर रत्नागिरीचे, सासर इथले. धाकटा भाऊ भाऊबीजेला यायचा आहे. "ताई, ओवाळणी काय आणू?" असे त्याने फोनवर विचारले आणि हिच्या तोंडून साडी नाही, पैसा नाही, 'कालवं' असे उत्तर निघून गेले. आता भाऊ आणणार, हे ठरले. सासूबाईंचा विरोध नाही, पण त्या एवढेच म्हणाल्या आहेत, "कर की गं, मी कशाला नको म्हणू? पण सणाचा दिवस, घरात लहान पोर. कुणाचं पोट बिघडलं तर जबाबदारी कुणाची?"

पत्रात पाककृती विचारली आहे. पण आम्हांला सासूबाईंचा प्रश्नच अधिक शहाणपणाचा वाटला. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये वसलेल्या या विश्रामबागेत १९१९ साली सुरू झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयामुळे, १९४७ सालच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे आणि पुढे बँका-कचेऱ्यांमुळे कोकणातली कितीतरी कुटुंबे येऊन स्थिरावली. त्यांच्या जिभेला समुद्र आठवतो. पण समुद्र घाटाखाली पावणेदोनशे किलोमीटरांवर आहे. हे अंतर लक्षात ठेवून कालवं कशी घ्यावीत, फोडावीत, शिजवावीत, एवढाच आजचा विषय. ज्या घरी हा पदार्थ चालत नाही त्यांनी पान खुशाल उलटावे. फक्त मधला भरती-ओहोटीचा हिशेब तेवढा वाचावा, मुलांना शिकवायला चांगला आहे.

झाकण म्हणजे साक्ष

मासा शिळा की ताजा हे त्याचा डोळा सांगतो, कल्ल्यांचा रंग सांगतो, बोटाने दाबले तर त्याचे अंग सांगते. कालवाला यातले काहीच नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याचे झाकण. कालवाचे दोन शिंपले असतात. खालचा खोलगट, वरचा चपटा. जिवंत कालव पाण्याबाहेर आले की हे दोन्ही शिंपले घट्ट मिटून घेते आणि थोडेसे समुद्राचे पाणी आत कोंडून ठेवते. या शिदोरीवर ते ओलाव्यात आणि गारव्यात एखाद-दुसरा दिवस सहज काढते. मेले की त्याच्या स्नायूतले बळ जाते आणि शिंपला सैल होऊन उघडा पडतो. मेलेले कालव फार लवकर नासते. म्हणून नियम एकच : मिटलेले ते आपले, उघडे ते कचऱ्याचे. किंचित उघडे असेल तर बोटाच्या पेराने टकटक करावे. मिटले तर जिवंत. नाही मिटले तर भावाने आणलेले असले तरी टाकावे.

आता अडचण अशी की कोकणातल्या बाजारात कालवं बहुतेक वेळा फोडलेलीच मिळतात. खडपातली लहान कालवं दगडाला इतकी चिकटलेली असतात की खालचा शिंपला सुटतच नाही. बाई तिथल्या तिथे वरचे झाकण उडवते, आतला गर टिपून भांड्यात टाकते आणि खालचा शिंपला खडकावरच राहतो. रत्नागिरीच्या ताटात हे चालते, कारण सकाळी फोडलेले दुपारी चुलीवर चढते. पण झाकण गेले की साक्षीदार गेला. घाट चढून आलेल्या, पाण्यात तरंगणाऱ्या वाटीभर गरावर दोन तास उन्हाचे गेले की सहा, हे त्याच्याकडे पाहून कुणालाही सांगता येत नाही.

यावरून पहिला सल्ला : विश्रामबागेत आणायची कालवं शक्यतो शिंपल्यासकट आणावीत. खाडीतली कालवं खडपातल्यांपेक्षा मोठी असतात, झुबक्याने येतात आणि ती अखंड काढता येतात. भावाला सांगावे, "फोडलेली वाटी नको, मिटलेली पिशवी आण."

तिथीची पाऊणपट

आणि फोडलेलीच घ्यायची वेळ आली तर? मग साक्ष कालवाची नव्हे, चंद्राची घ्यायची. कोकणातली माणसे घड्याळ नसताना समुद्राची वेळ सांगत आली आहेत, तो हिशेब असा : तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्याचाच हा ठोकळ आडाखा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून मोजायचे.

भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि पूर्ण ओहोटी सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसातला. शिवाय लक्ष्मीपूजनाची अमावास्या नुकतीच झालेली असते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास समुद्राला उधाण असते. पाणी खूप चढते तसेच खूप उतरतेही. एरवी बुडालेले खडक तेव्हा उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. म्हणून कालवं काढणाऱ्या बायकांचे सुगीचे दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या मागचे-पुढचे.

या हिशेबाचा सांगलीच्या गृहिणीला काय उपयोग? फार मोठा. समजा, अष्टमीच्या दिवशी सकाळी दहाला तुम्ही बाजारात उभ्या आहात.

"मामा, कालवं कधीची हो?"

"आज पहाटंची हायत वैनी, एकदम ताजी. आत्ताच गाडी आली."

आठाची पाऊणपट सहा. पहाटे सहाला पूर्ण भरती होती. खडक पाण्याखाली होते. तेव्हा ही कालवं पहाटेची असणे शक्य नाही. आदल्या रात्री बाराच्या ओहोटीला अंधारात कुणी खडपात गेले असेल, हेही अवघडच. म्हणजे ती आदल्या दुपारची, नाहीतर त्याच्याही आधीची. मामांशी भांडू नये. त्यांनाही ती कुणीतरी तसेच सांगून दिलेली असतात. "असू देत मामा, आज बांगडाच द्या," म्हणून मोकळे व्हावे. अगदी अमावास्येच्या दिवशीही ओहोटी पहाटे सव्वापाचच्या आसपास येते. फोडून, गोळा करून, आंबा घाट चढून, कोल्हापूर ओलांडून इथे पोचायला पाच-सहा तास हवेतच. तेव्हा दुपारच्या आत सांगलीत 'आजची' फोडलेली कालवं मिळत नाहीत, असे धरून चालावे. आदल्या दिवशीची मिळतात. त्यांतही विचारायचा प्रश्न भावाचा नव्हे, बर्फाचा : काढल्यापासून सतत बर्फात होती का? डबा हाताला गार लागला पाहिजे, पाणी फार गढूळ नको, आणि वास समुद्राचा हवा. आंबूस किंवा गंधकासारखा वास आला तर पाऊल मागे घ्यावे.

भाऊबीजेचा बेत मात्र छान जमतो. सकाळी साडेसातच्या ओहोटीला भाट्ये किंवा काळबादेवीच्या बाजूची ताजी कालवं भावाने नऊपर्यंत घ्यावीत आणि निघावे. दुपारी दोन-अडीचला तो विश्रामबागेत. ओवाळणे संध्याकाळी. कालवं रात्रीच्या पानात. दुपारच्या पंगतीचा हट्ट धरू नये.

ऋतू आणि रस्ता

कोकणात कालवं पावसाळा सोडून अगदी वैशाखापर्यंत खातात. पावसात नद्यांचे गोडे पाणी खाडीत उतरते, किनाऱ्यावरची सारी घाण सोबत येते, आणि अंडी सोडून कालवंही बारीक झालेली असतात. दसरा-दिवाळीनंतर ती पुन्हा भरू लागतात. इंग्रज लोक महिन्याच्या नावात 'आर' हे अक्षर असेल तरच कालव खावे असे म्हणत आले. त्याचा अर्थही हाच, की उन्हाळा आणि विणीचा काळ टाळावा. आपल्या घाटमाथ्यावर हा नियम आणखी आवळून घ्यावा लागतो. फाल्गुनानंतर सांगलीचा रस्ता तापतो. तेव्हा रत्नागिरीला जे पथ्याचे, ते इथे कुपथ्याचे ठरते. विश्रामबागेचा हंगाम कार्तिक ते माघ एवढाच मानावा.

प्रवासात शिंपल्यातली कालवं ओल्या गोणपाटात गुंडाळून, खोलगट बाजू खाली ठेवून आणावीत. त्यांना हवा लागली पाहिजे. प्लॅस्टिकच्या पिशवीचे तोंड आवळून बांधले तर ती गुदमरतात. बर्फ जवळ असावा, पण वितळलेले पाणी कालवांवर साचता कामा नये. गोड्या पाण्यात ती मरतात. याच कारणाने घरी आल्यावर ती बादलीभर पाण्यात 'जिवंत राहावीत म्हणून' सोडू नयेत. फोडलेली असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा बर्फात. घरी पोचताच फ्रिजमध्ये ठेवावीत आणि त्याच दिवशी शिजवावीत.

वाटीमागची पाठ

कालवं महाग पडतात, अशी तक्रार ऐकू येते. ती करण्यापूर्वी एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. ओहोटीचे जेमतेम दोन-अडीच तास. निसरडे खडप. कालवाच्या कडा फुटक्या काचेसारख्या. पाय घसरला की पोटरी फाटते, हात चुकला की बोट. बाई कमरेत वाकून एकेक झाकण उडवते आणि प्रत्येकातून निघतो तो सुपारीएवढा गर. वाटी भरायला किती झाकणे उडवावी लागत असतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पाणी चढू लागले की काम थांबले; उरलेले उद्या, तेही पाऊण तास उशिराने. ऑफिसात असे घड्याळ कुणी लावले तर आपण मोर्चा काढू.

खडपातली कालवं काही अक्षय नाहीत. लहानसहान सगळी खरवडून काढली तर पुढच्या वर्षी खडक बोडके दिसतात. म्हणूनच केरळच्या खाड्यांत १९९०च्या दशकापासून बायकांचे गट दोऱ्यांना रिकामे शिंपले ओवून त्यांवर कालवं वाढवू लागले, आणि आपल्या सिंधुदुर्गातही असे प्रयोग झाले आहेत. तिथे कालव मोठे होते, अखंड मिळते आणि काढणारीचे पाय शाबूत राहतात. ज्या घराला समुद्राची चव हवी आहे, त्याने समुद्रात उतरणाऱ्या बाईचा दामही मोजावा. घासाघीस करायला सोन्याचे दुकान आहे.

उघडायची रीत

शिंपले नळाखाली धरून खरखरीत ब्रशने घासावेत. चिखल गेला पाहिजे. मग पुन्हा एकदा मिटलेले-उघडे पाहून घ्यावे. फुटका शिंपलाही बाद.

पहिली रीत वाफेची, आणि घरासाठी हीच उत्तम. रुंद पातेल्यात दोन बोटे पाणी उकळावे, कालवं एका थरात मांडावीत, झाकण ठेवावे. काही मिनिटांत एकेक शिंपला आपण होऊन तोंड उघडू लागतो. कालवण करायचे असेल तर उघडेल तसे काढून घ्यावे, कारण ते पुढे शिजणारच आहे. नुसतेच खायचे असेल तर उघडल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे वाफ द्यावी. सगळ्यांनी तोंड उघडले आणि एखाद्याने उघडले नाही, तर त्याची मनधरणी करू नये, टाकून द्यावे. कच्चेपणी उघडे ते वाईट आणि शिजल्यावर मिटलेले ते वाईट, हे सूत्र मुलांकडून पाठ करून घ्यावे.

दुसरी रीत सुरीची. तिसऱ्या विळीवर फोडायचा सराव असलेल्या बायका कालवही विळीवर धरायला जातात. तसे करू नये. तिसरी गुळगुळीत आणि सारखी असते, कालव वेडेवाकडे. घसरले तर पाते बोटात. डाव्या हाताला जाड टॉवेलची घडी घ्यावी. कालवाची खोलगट बाजू खाली आणि निमुळते, बिजागरीचे टोक आपल्या उजवीकडे ठेवून ते पाटावर दाबून धरावे. आखूड, जाड, बोथट पात्याची सुरी घ्यावी. नसेल तर नवा, उकळून घेतलेला लहान स्क्रू-ड्रायव्हरही चालतो. त्याचे टोक बिजागरीच्या फटीत घालून जोर न करता हलवत राहावे आणि फट धरली की कुलपात किल्ली फिरवावी तसे फिरवावे. 'कट्' असा आवाज येतो. मग सुरी वरच्या शिंपल्याला घासून आत सरकवावी. तिथे एक गोल, चिवट स्नायू असतो. तो कापला की झाकण हातात येते. तसाच खालून कापून गर मोकळा करावा. आतले पाणी सांडू देऊ नये. खरी चव त्यातच असते.

शिंपल्याने हात कापला तर जखम साबणाने स्वच्छ धुवावी. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे, आणि जखम सुजली, लाल झाली तर डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नये. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू अशा माणसांना फार जाचतात.

फोडून आणलेली कालवं असतील तर ती चाळणीवर ओतून पाणी खाली भांड्यात धरावे आणि स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे. मग एकेक कालव दोन बोटांत चाचपून शिंपल्याची कच काढावी. हे काम दिव्याखाली बसून, गप्पा न मारता करायचे. जावईबापूंच्या दाताखाली कच आली, तर वाटणातले सारे खोबरे वाया गेले समजावे. कालवं साध्या पाण्यात भिजत ठेवू नयेत. ती फुगतात आणि फिकी होतात.

कालवांचे सुके

चार-पाच माणसांना दोन वाट्या फोडलेली कालवं पुरतात. तीन कांदे, एक वाटी ओले खोबरे, लसणीच्या आठ-दहा पाकळ्या, आल्याचे एक पेर, पाव चमचा हळद (ती अर्थात सांगलीची), दीड-दोन चमचे मालवणी मसाला, चार आमसुले, तेल आणि कोथिंबीर. मीठ शेवटी.

एक कांदा उभा चिरून तेलावर तांबूस भाजावा, त्यात खोबरे परतावे आणि आले घालून दोन्ही बारीक वाटावे. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून ठेचलेली लसूण टाकावी. उरलेले दोन कांदे बारीक चिरून गुलाबी होईपर्यंत परतावेत. हळद-मसाला घालून कालवांचे गाळलेले पाणी ओतावे आणि खळखळ उकळू द्यावे. मग वाटण आणि आमसुले घालून तेल सुटेपर्यंत परतावे. कालवं सर्वांत शेवटी. वेगळे पाणी घालू नये. पाटाच्या कालव्यांना पाणी सरकारने सोडावे लागते. कालवांना ते आपोआप सुटते. पुन्हा उकळी फुटली की घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटे पूर्ण द्यावीत. कालवांच्या कडा मुडपून झालरीसारख्या होतात, ही ओळख. तीन मिनिटांच्या आत उतरवणे धोक्याचे आणि दहा मिनिटे शिजवणे मूर्खपणाचे; पहिल्यात पोट बिघडते, दुसऱ्यात रबर होते. आता चव पाहून मीठ घालावे. बरेचसे समुद्राने आधीच घातलेले असते.

आमच्या भागातल्या घरांत कांदा-लसूण मसाल्याकडे हात जातोच. घालायचा तर अर्धा चमचा. त्याच्या तडाख्यापुढे मटण टिकते, कालव टिकत नाही.

रस्सा हवा असेल तर वाटण दुप्पट करून नारळाचे दूध घालावे आणि दूध घातल्यावर फार उकळू नये. म्हणजे कालवं दूध घालण्याआधीच पूर्ण शिजलेली हवीत. कुरकुरीत हवी असतील तर मोठी कालवं फडक्यावर टिपून हळद, तिखट आणि आमसुलाचे आगळ लावून दहा मिनिटे ठेवावीत, रवा आणि तांदळाचे पीठ यांत घोळवून कडकडीत तेलात निदान तीन मिनिटे तळावीत. गोव्याकडे हा प्रकार फार आवडीचा आहे, आणि आठवडाभर गोड खाल्लेल्या तोंडाला त्याच्यासारखा उतारा नाही.

कच्ची का नकोत?

फ्रान्समध्ये नाताळ आणि नववर्षाला कच्ची कालवं लिंबू पिळून खातात. परदेशी जाऊन आलेला एखादा भाचा ही हौस इथेही करून पाहायला निघतो. त्याला प्रेमाने सांगावे, "बाबा, तिकडे कालव ज्या पाण्यात वाढते त्या पाण्याची प्रत ठरवलेली असते. अव्वल पाण्यातलीच थेट ताटात येतात. त्याखालच्या प्रतीची आधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करावी लागतात. आमच्या मामांच्या पाटीबरोबर असा कागद येत नाही."

कालव जगते ते पाणी गाळून. एक मोठे कालव तासाला काही लिटर पाणी अंगातून काढते आणि त्यातले खाद्य ठेवून घेते. खाडीला गावाचे सांडपाणी मिळत असेल तर त्यातले जंतूही तिथेच साठतात. १९८८ साली चीनमधल्या शांघाय शहरात अशाच अर्धवट शिजवलेल्या शिंपल्या खाऊन सुमारे तीन लाख माणसांना कावीळ झाली. लिंबाच्या रसाने हे जंतू मरत नाहीत, मद्यानेही नाहीत, विस्तवानेच मरतात. आणि एक गोष्ट विस्तवालाही जुमानत नाही. समुद्रात कधीकधी विषारी सूक्ष्म वनस्पतींचे पेव फुटते आणि त्यांचे विष शिंपल्यांत उतरते. १९८३ साली मंगळूरजवळ असे घडले होते. मासेमारी खात्याची सूचना असेल तेव्हा म्हणूनच कोणतीही शिंपल्याची जात घरात आणू नये. खाल्ल्यावर ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या तर घरगुती उपाय करत न बसता सरळ रुग्णालय गाठावे.

कोळंबी-खेकडा ज्यांना सोसत नाही त्यांनी कालवांच्या वाटेला जाऊ नये. प्रथमच खाणाऱ्याने एक चमचा खाऊन थांबावे. अगदी लहान मुलाला हा पदार्थ न दिला तर त्याचे काही बिघडत नाही. त्याला करंजी द्यावी. बाकीच्यांना मात्र त्यात जस्त, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व भरपूर मिळते.

मोती निघेल का?

हा प्रश्न प्रत्येक घरात कुणीतरी विचारतेच. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असे आपण ऐकत आलो, आणि सूर्याचे स्वाती नक्षत्र येते तेही दिवाळीच्याच सुमारास. पण मोत्याचा शिंपला निराळ्या कुळातला. तो मन्नारच्या आखाताकडचा आणि कच्छकडचा. खाण्याच्या कालवात सापडलाच तर निस्तेज खडा सापडतो. त्यासाठी सोनाराकडे जायला नको.

रिकामे शिंपले फेकण्याआधी विचार करावा. पूर्वी कोकणात ते भाजून चुना करीत. कोंबड्या पाळणाऱ्यांना ते कुटून दिले तर अंड्याचे कवच टणक होते. गुलाबाच्या मुळाशी मात्र घालू नयेत. आपली कृष्णाकाठची काळी माती आधीच चुनखडीची आहे.

पानात

कालवं वाढताना मोठेपणा करू नये. पाहुण्याला आधी विचारावे, मग वाटी ठेवावी. कोकणात तांदळाची भाकरी असते. इथे शाळूची पातळ भाकरी कितीतरी अधिक शोभते, तिच्या गोडसर चवीला आमसुलाचा आंबटपणा छान मिळतो. शेजारी कच्चा कांदा, नंतर गरम भात आणि सोलकढी. गरम असतानाच संपवावीत. उरलीच तर लगेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा उकळून संपवावीत. तिसऱ्या दिवशी त्यांची आठवणच चांगली.

आणि सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर? जबाबदारी तिघांवर वाटली आहे. भावाने मिटलेली आणायची, वहिनीने घड्याळ लावून शिजवायची, आणि सासूबाईंनी डोळ्यांत तेल घालून उघडी ती वेचून टाकायची. हे तिसरे काम त्यांच्याइतके चोख दुसरे कुणी करणार नाही, असे आमचे त्यांना सांगणे आहे.

ज्यांच्या घरी कार्तिकी एकादशीपर्यंत पाळतात, त्यांनी हळहळू नये. देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला असते. एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे दुपारी पाऊणला भरती आणि सकाळी पावणेसातच्या सुमाराला ओहोटी, तीही उधाणाची. तोवर थंडी पडलेली असेल, घाटाचा रस्ता गार असेल आणि कालवं दिवाळीपेक्षा भरलेली असतील. दिनदर्शिकेवर आजच खूण करून ठेवावी.